थांबता न येणाऱ्यांची रांग

शंकरपटाच्या मैदानावर सगळ्यात जास्त आरडाओरडा कुठे होतो, हे चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. जिथे जोड्या पोचतात तिथे नाही, जिथून सुटतात तिथे. बैल हिसके देत असतात, धुरकरी त्यांना आवरत असतो, आणि झेंडी पडायच्या आधी कुणाची जोडी सुटली यावरून दोन गावांत बोलाचाली होते. शंकरपटाने यावर आपला तोडगा काढला आहे. एका वेळी एक किंवा फार तर दोन जोड्या सोडायच्या, प्रत्येकीची वेळ मोजायची आणि घड्याळावरून नंबर लावायचे. मैदान तेच, अंतर तेच, त्यामुळे सकाळी धावलेल्या जोडीची वेळ दुपारच्या जोडीशी ताडून पाहता येते.

शिडाच्या होड्यांच्या शर्यतीला हा तोडगा चालत नाही. तिथलं मैदान म्हणजे वारा, आणि तो मिनिटामिनिटाला बदलतो. दहा वाजता सुटलेल्या होडीला मिळालेला वारा साडेदहाच्या होडीला मिळणार नाही, मग दोघींच्या वेळा ताडून उपयोग काय? म्हणून साठ असोत की शंभर, सगळ्यांना एकाच क्षणी, एकाच वाऱ्यात, एकाच रेषेवरून सोडावं लागतं. आणि त्यांतल्या एकाही होडीला ब्रेक नसतो.

डिंगी म्हणजे लहान, उघडी, इंजिन नसलेली शिडाची होडी. आठ-दहा वर्षांची मुलं जी चालवतात ती ऑप्टिमिस्ट जेमतेम २.३ मीटर लांबीची, चौकोनी नाकाची. ऑलिम्पिकमध्ये दिसणारी एकट्याची होडी म्हणजे आयएलसीए, म्हणजेच जुनी लेझर, ४.२ मीटरची. एनसीसीच्या नौदल शाखेत आणि लष्कराच्या क्लबांत अनेकांनी हाताळलेली निळ्या शिडांची दोन माणसांची एंटरप्राइझ चार मीटरच्या आसपास. वैनगंगेत डोंगा चालवणारा ढीवर उथळ पाण्यात बांबू रोवून जागच्या जागी थांबू शकतो. डिंगीवाल्याला ते जमत नाही. तो फार तर नाळ वाऱ्याकडे वळवून शीड सैल सोडू शकतो. मग शीड फडफडतं, होडी मंदावते, आणि थोड्या वेळाने मागे किंवा बाजूला वाहू लागते. थांबणं म्हणजे त्याच्या दृष्टीने हळूहळू हरवणं. अशा साठ-सत्तर होड्यांना पाण्यावर न दिसणाऱ्या एका रेषेमागे आणून ठरल्या सेकंदाला सोडायचं, हे रेस ऑफिसरचं काम.

आपल्या भागातून हे पाहायला जायचं तर मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ पडतं. बल्लारशाहून काझीपेठमार्गे जाणारी गाडी सिकंदराबादला सोडते, आणि तिथून हुसेनसागर हाकेच्या अंतरावर आहे. पावसाळ्यात मुंबईचा दर्या लहान होड्यांना बंद होतो, तेव्हा देशभरातले शर्यतवाले जुलैमध्ये या सोळाव्या शतकातल्या तलावावर जमतात. हैदराबाद सेलिंग वीकला लेझर वर्गातल्या शंभराच्या आसपास होड्या उतरतात. एरवी या खेळाचं महाराष्ट्रातलं घर म्हणजे मुंबई बंदर. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ पासून तिथे आहे, आणि लष्कराचं यॉटिंग नोड कुलाब्याला. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत आयएलसीए ७ वर्गात कांस्य मिळवणारा विष्णू सरवणन तिथेच घडला. त्याच खेळांत ऑप्टिमिस्टहून एक पायरी वरच्या आयएलसीए ४ वर्गात नेहा ठाकूरने रौप्य मिळवलं, ती मात्र भोपाळच्या तलावावर शिकलेली. समुद्र नसलेल्या मुलखातल्या वाचकांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही. पुण्याजवळ खडकवासल्याच्या पाण्यावर एनडीएचे कॅडेट शिडं उभारतात ते वेगळंच.

१९८२ च्या आशियाई खेळांचा गाजावाजा दिल्लीत झाला, पण शिडांच्या शर्यती मुंबईला झाल्या, कारण दिल्लीत समुद्र आणणं आयोजकांना शक्य नव्हतं. एंटरप्राइझ वर्गात झरीर करंजिया आणि फारुख तारापोर या मुंबईकर जोडीने घरच्या पाण्यात सुवर्ण मिळवलं. घरचं पाणी म्हणजे काय, हे मुंबई बंदरात सुरुवातीची रेषा मांडणाऱ्याला विचारावं.

आधी ती रेषा. तिच्या एका टोकाला नांगरलेली कमिटी बोट असते आणि तिच्यावर नारिंगी झेंड्याची काठी. दुसऱ्या टोकाला एक बोया किंवा आणखी एक बोट, तिला पिन म्हणतात. मधे काहीच नाही, नुसतं पाणी. पहिला टप्पा नेहमी वाऱ्याच्या तोंडावर ठेवतात. शिडाची होडी थेट वाऱ्यात जाऊ शकत नाही, साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून नागमोडी जावं लागतं, आणि या नागमोडीत गर्दी पांगते. वारा पाठीवर घेऊन सुरुवात केली तर सगळ्या होड्या एकाच वाटेने एकमेकींच्या अंगावर जातील.

रेषेची लांबी हिशेबाने ठरते. होड्यांची संख्या गुणिले एका होडीची लांबी, आणि वर पाव ते अर्धी पट मोकळीक. साठ आयएलसीए होड्या म्हणजे २५२ मीटर, मोकळीक धरून ३१५ ते ३८० मीटर. रेषा आखूड झाली तर रेटारेटी होते. फार लांब झाली तर दोन्ही टोकांच्या होड्या वेगवेगळ्या वाऱ्यात सापडतात आणि मधल्यांना कोणतंच टोक नीट दिसत नाही.

खरी मेख कोनाची. रेषा वाऱ्याला काटकोनात असली तर कुठूनही सुटा, वरच्या बोयापर्यंतची चढण सारखीच. आता वारा फक्त ५ अंशांनी फिरला असं धरा. ३२० मीटरच्या रेषेचं एक टोक वाऱ्याच्या दिशेने दुसऱ्यापेक्षा जवळपास २८ मीटर पुढे गेलं. म्हणजे सहा होड्यांहून अधिक लांबीची आघाडी, शर्यत सुरू व्हायच्या आधीच, आणि तीही फुकट. ५ अंश म्हणजे घड्याळाच्या मिनिटकाट्याचं एक मिनिटदेखील नव्हे, पण साठ तरबेज खलाशांना तो फरक दिसतो. साठच्या साठ मग त्या टोकाकडे धावतात, तिथे तीन-चार रांगा लागतात, मागचे पुढच्यांना ढकलतात, पुढचे रेषेवरून घसरतात. बाहेरून पाहणारा म्हणतो, केवढी बेशिस्त! मला तसं वाटत नाही. रेषा तिरकी असेल तर सरळ टोकाकडे धावणारा खेळाडू शहाणाच आहे. बेशिस्त रेषेत आहे. सगळ्यांनी मिळून केलेल्या घाईच्या मागे बहुतेक वेळा एकच चूक असते, आणि ती कमिटी बोटीवर झालेली असते.

म्हणून चांगला रेस ऑफिसर होड्या पाण्यात उतरायच्या कितीतरी आधी पाण्यात असतो. दर काही मिनिटांनी तो वाऱ्याची दिशा आणि वेग मोजून वहीत लिहितो. एक आकडा काही सांगत नाही. दहा-बारा आकडे ओळीने मांडले की कळतं, वारा एका बाजूला सरकत चाललाय की दोन दिशांमध्ये झुलतोय. झुलत असेल तर रेषा मधल्या दिशेला काटकोनात मांडायची आणि वारा त्या मध्याशी येईल तेव्हा सुरुवात करायची. सरकत असेल तर थांबायचं. हुसेनसागरावर हा हिशेब हमखास बिघडतो. चहूबाजूंच्या इमारतींवर आपटून आलेला वारा तुकड्यातुकड्यांनी येतो, रेषेच्या एका टोकाला भरपूर आणि दुसऱ्या टोकाला मेलेला. अनुभवी अधिकारी मग मनातल्या मनात तडजोड करतात. बरेचजण मुद्दाम दोन-तीन अंशांचा कल पिनच्या बाजूला देतात. डिंगी रांगेला लागतात त्या उजव्या बाजूने वारा घेत, कारण तशा होडीला वाटेचा हक्क असतो आणि डावीकडून वारा घेणाऱ्याने तिला वाट द्यायची असते. त्या रांगेचा ओढा स्वभावतःच उजव्या टोकाकडे, कमिटी बोटीच्या आसपास असतो. पिनला थोडं झुकतं माप दिलं की गर्दी रेषाभर पसरते.

मुंबईत याच्या जोडीला पाणीही पळतं. शाळेच्या भूगोलात आपण खारे आणि मतलई वारे शिकलो, ते इथे रोजच्या कामाचे. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा ऊन चढलं की मरतो, मग तासभर शिडं लोंबकळतात, आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा उठतो. शर्यतींना खरा वेळ मिळतो तो त्यानंतरचा. त्याच वेळी भरती असेल तर पाणी उत्तरेकडे बंदरात शिरत असतं. उधाणाला इथे पाण्याची पातळी चार मीटरहून जास्त वरखाली होते, आणि एवढं पाणी सहा तासांत आत यायचं तर ते चालत येत नाही, धावत येतं. प्रवाहाचा रेषेकडे ढकलणारा भाग ताशी एक सागरी मैल जरी धरला, तरी एका मिनिटात प्रत्येक होडी ३० मीटर पुढे वाहते. खेळाडू काही न करता सात होड्यांच्या लांबीइतका पुढे जातो. शीड सोडून थांबलेली होडीसुद्धा रेषेपलीकडे निघून जाते, आणि परत यायचं तर प्रवाहाविरुद्ध. अशा पाण्यात सुरुवातीला जो गोंधळ होतो त्याला कुणी अधीरपणा म्हणू नये. ओहोटी लागली की उलटं. होड्या रेषेपर्यंत पोचतच नाहीत, कमिटी बोटीच्या नांगराच्या दोराला अडकतात.

प्रवाह मोजायचं साधन अगदी साधं आहे. अर्धी भरलेली पाण्याची बाटली नांगरलेल्या बोयाशेजारी सोडायची आणि मिनिटाभरात ती किती दूर गेली ते पाहायचं. भरतीचं कोष्टक हाताशी असतंच, पण कोष्टक बंदराचं असतं, तुमच्या रेषेचं नव्हे. मधला खडक, जहाजांचा खोल मार्ग, किनाऱ्याचं वळण यांनी प्रवाह जागोजागी वेगळा होतो. शिवाय गेटवेहून घारापुरीला आणि मांडव्याला जाणाऱ्या लाँचा आहेत, नौदलाची हद्द आहे, नांगर टाकून बसलेली मालवाहू जहाजं आहेत. या सगळ्यांतून चारशे मीटर सरळ, मोकळी, खोली बेताची असलेली जागा शोधणं म्हणजे निम्मी स्पर्धा जिंकल्यासारखं आहे.

मग ती पाच मिनिटं.

पाच मिनिटं उरली की त्या वर्गाचा झेंडा वर जातो, एक आवाज होतो. चार मिनिटांवर दुसरा झेंडा, तयारीचा. एक मिनिट उरल्यावर तो खाली येतो, लांब भोंगा वाजतो. शून्यावर वर्गाचा झेंडा खाली, आणि शर्यत सुरू. जगभर हाच क्रम. नियम असा की वेळ झेंड्यावरून मोजायची, आवाजावरून नाही. बंदूक उडाली नाही किंवा भोंगा बिघडला तरी सुरुवात खरीच धरतात. कारण सोपं आहे. ध्वनी सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे ३२० मीटरवरच्या पिनजवळच्या मुलाला तो जवळजवळ एक सेकंद उशिरा ऐकू येतो. तेवढ्यात होडी दोन मीटर सरकते. डोळ्याला असा उशीर लागत नाही.

तयारीच्या झेंड्याशी आणखी एक गोष्ट बांधलेली आहे, ती बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. तो वर गेला की रेषा कुलूपबंद झाली. त्याआधी पिन हवी तशी हलवता येते, त्यानंतर नाही. शेवटच्या चार मिनिटांत वारा फिरला तर अधिकाऱ्यासमोर दोनच वाटा उरतात. एकतर डोळे मिटून पुढे जायचं, नाहीतर लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा निमुळता झेंडा दोन आवाजांसह वर चढवून सुरुवात पुढे ढकलायची. शेवटच्या सेकंदापर्यंत ही मुभा असते. पण हा झेंडा चढवायला हात जड होतो. साठ खेळाडू ताणलेले असतात, किनाऱ्यावर पालक आणि पाहुणे वाट पाहत असतात, दिवसाच्या चार शर्यती कागदावर असतात, आणि मनात येतं, बघू, जमेल. ते जमत नाही. वारा दहा अंश फिरलेला असताना सोडलेली सुरुवात परत बोलवावी लागते, आणि वाचवायला निघालेली पाच मिनिटं दहा होऊन परत येतात.

पाण्यावर त्या शेवटच्या मिनिटात काय चाललेलं असतं? प्रत्येकाला तीन गोष्टी हव्या असतात. शून्याला नाळ रेषेवर, अंगात पूर्ण वेग, आणि खालच्या बाजूला, म्हणजे वारा जातो त्या बाजूला, थोडी मोकळी जागा. ती जागा सुटताना शीड भरून होडी वाकवून पळायला लागते. जो ती राखतो त्याच्या त्या जागेत शेजारी घुसू पाहतो. वरच्या होडीने खालच्या होडीला वाट द्यायची हा नियम आहे, म्हणून खालचा हळूहळू वर सरकून वरच्याला दाबतो. ओरडण्याचं एक वेगळंच संगीत चालू असतं.

मधल्या होड्यांची गंमत वेगळी. टोकाजवळच्याला बोया किंवा बोट दिसते, त्यावरून तो रेषा ताडतो. मधल्याला दोन्हीकडे शिडांची भिंत दिसते. पकडले जाण्याच्या भीतीने तो होडी-दीड होडी मागे राहतो, त्याला पाहून शेजारीही, आणि साठ होड्यांची रांग मध्ये झोल पडलेल्या दोरासारखी वाकते. ज्याने आधी सराव करून पिनच्या सरळ रेषेत किनाऱ्यावरची एखादी खूण धरून ठेवली आहे, एखादी पाण्याची टाकी किंवा उंच इमारतीचा कोपरा, तो या झोलाच्या पुढे एकटाच निघतो. शंभर वेळा शिकवलं तरी ही खूण धरायची सवय फार थोड्यांना लागते. मोठ्या स्पर्धांत कधीकधी रेषेच्या मध्यावर एक बोट नांगरून ठेवतात. झोल त्याने कमी होतो, मधल्या मुलांना रेषा दिसते, आणि पाहणाऱ्यांनाही एकाऐवजी दोन छोट्या रेषा पाहाव्या लागतात.

पाहणारे म्हणजे रेषेच्या टोकाला झेंड्याच्या काठीच्या बरोबर मागे उभे असलेले दोघे-तिघे. त्यांचं काम एकच, रेषेवरून नजर न हटवणं. हातात ध्वनिमुद्रक असतो, तो पाच मिनिटं आधीपासून चालू. एकजण सेकंद मोजतो, दुसरा दिसतील ते शीड-क्रमांक बोलत जातो: कोण रेषेजवळ, कोण मागे, कोण पलीकडे. लिहायला वाकलात तर त्या क्षणात चार होड्या निसटतात, म्हणून वही नाही, फक्त बोलणं. पिनवरही अशीच जोडी असते. संध्याकाळी दोन्हीकडच्या फिती ताडल्या जातात. २०२१ पासून एक गोष्ट सोपी झाली. पूर्वी होडीचा, माणसाचा किंवा सामानाचा कोणताही भाग रेषेपलीकडे गेला की सुरुवात चुकलेली धरत. आता फक्त होडीचा सांगाडा मोजतात. बाहेर झुकलेल्या मुलाचं डोकं किंवा पुढे आलेलं शीड यावरून होणारे वाद त्यामुळे मिटले.

सुरुवात झाली आणि दोन-चार होड्याच आधी गेल्याचं दिसलं, तर निळ्या फुलीचा पांढरा झेंडा एका आवाजासह वर जातो. ज्यांनी चूक केली त्यांनी ओळखून मागे यायचं, रेषेच्या आत येऊन पुन्हा सुटायचं. नाव कुणी पुकारत नाही, ज्याच्या त्याच्या मनाला माहीत असतं. तो झेंडा सगळे परत येईपर्यंत किंवा चार मिनिटं राहतो. पण पंधरा-वीस होड्या एकदम गेल्या आणि क्रमांकच धरता आले नाहीत, तर दोन आवाज आणि निळ्या कडेचा पिवळा त्रिकोणी झेंडा. सगळ्यांनी परत या. हा जनरल रिकॉल, आणि मोठ्या स्पर्धेतला सर्वांत महागडा झेंडा. एकेकदा तीन-चार वेळा असं होतं, दुपार निघून जाते, खारा वारा उतरू लागतो, आणि ऑप्टिमिस्टमधली मुलं थंडीने कुडकुडायला लागतात.

यावर नियमांनी भीतीचं एक चढतं शास्त्र बनवलं आहे. तयारीचा झेंडा साधा निळ्या चौकटीतल्या पांढऱ्या चौकोनाचा असेल, तर लवकर गेलेल्याला फक्त परत यावं लागतं. पिवळ्यावर काळा गोल असेल, तर शेवटच्या मिनिटात रेषेपलीकडे गेलेल्याला एखाद्या टोकाला वळसा घालूनच मागे यावं लागतं. चौरंगी त्रिकोणांचा झेंडा वीस टक्के दंड लावतो. त्याच्या पुढचा लाल-पांढऱ्या चौकोनांचा झेंडा. रेषेची दोन टोकं आणि पहिला बोया यांच्या त्रिकोणात शेवटच्या मिनिटात सापडलात तर बाद, मात्र सुरुवात परत बोलावली गेली तर माफ. आणि शेवटचा काळा. तो लावलेला असेल आणि शेवटच्या मिनिटात त्या त्रिकोणात शिरलात तर बाद, सुरुवात परत घेतली तरी बाद. पुढच्या सुरुवातीच्या आधी तुमचा क्रमांक फळ्यावर लिहून दाखवतात आणि तुम्ही घरी. साठ होड्यांच्या शर्यतीत बाद म्हणजे ६१ गुण, आणि कमी गुण जिंकणाऱ्या या खेळात एवढा बोजा बहुधा पूर्ण स्पर्धेत धुतला जात नाही. २०२१ च्या जुलैत टोकियो ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या विंडसर्फिंगच्या पदक-शर्यतीत याच जातीच्या नियमाखाली तोमा ग्वायार, मात्तिया काम्बोनी आणि पिओत्र मिश्का असे तीन दावेदार एकाच सुरुवातीला बाद झाले. आधीच्या शर्यतींच्या पुण्याईवर ग्वायारला रौप्य राहिलं. काम्बोनी रिकाम्या हाताने परतला.

काळा झेंडा हवाच, त्याशिवाय शंभर होड्यांची सुरुवात कधी होणारच नाही, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. पण तो दुसऱ्याच प्रयत्नाला बाहेर काढणाऱ्या अधिकाऱ्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. आधी रेषा पाहा. कल कुठे आहे, पाणी कुठे ढकलतंय, लांबी पुरते का. तिरक्या रेषेवर काळा झेंडा लावणं म्हणजे उतारावर गाडी सोडून चालकाला दंड करण्यासारखं. लाल-पांढरा झेंडा आता बऱ्याच ठिकाणी पहिल्याच प्रयत्नाला लावतात ते मला जास्त पटतं. धाक तेवढाच राहतो, पण अधिकाऱ्याची चूक असली आणि सुरुवात परत घेतली तर पोरांच्या गळ्यात ती पडत नाही.

रेषेला कायमचा रामराम ठोकण्याचाही एक मार्ग आहे, ५०५ या दोन माणसांच्या वेगवान डिंगीच्या वर्गाने रूढ केलेला. त्याला गेट स्टार्ट म्हणतात. स्पर्धेतलीच एक होडी, साधारण आधीच्या शर्यतीत चांगली आलेली, डाव्या बाजूने वारा घेऊन रेषेच्या एका टोकाहून निघते. तिच्या मागे एक मोटारबोट असते. बाकी सगळे उजव्या बाजूने वारा घेऊन तिच्या दिशेने येतात आणि एकेक करून मोटारबोटीच्या शेपटीला घासून वर जातात. रेषा हलती असते, प्रत्येकजण तिला वेगवेगळ्या क्षणी ओलांडतो, पण वाटचाल सगळ्यांची सारखीच मोजली जाते. आधी जाणं शक्यच नाही, कारण फाटक अजून तिथे पोचलेलंच नसतं. आधी गेलं कोण, परत बोलवायचं कुणाला, हे प्रश्नच उठत नाहीत. आयएलसीए आणि ऑप्टिमिस्टमध्ये मात्र हा प्रकार रूढ झाला नाही. लहान मुलांच्या गर्दीत मोटारबोट पळवणं कुणालाच नको वाटतं.

त्यांच्यासाठी दुसरा उपाय आहे, गट पाडणं. इटलीतल्या गार्डा सरोवरावर ऑप्टिमिस्टच्या स्पर्धेला हजाराहून जास्त मुलं आल्याची नोंद आहे. ती सगळी एकदम सोडायची म्हटली तर रेषा तीन किलोमीटरची होईल. म्हणून रंगीत फिती बांधून गट करतात, दर गट काही मिनिटांच्या अंतराने सोडतात. दिवसअखेर गुणांवरून गट पुन्हा मिसळतात म्हणजे कुणाला सोपा गट कायमचा मिळत नाही, आणि शेवटच्या दिवसांत वरचे सुवर्ण गटात, पुढचे रौप्य गटात. अर्थात गट वाढले की भानगडीही वाढतात. पिवळ्या गटाची सुरुवात परत बोलावली तर मागचा निळा गट कुठे उभा राहणार? थांबता न येणाऱ्या त्या मुलांची दुसरी रांग तोवर पहिल्या रांगेत शिरलेली असते. म्हणून परत बोलावलेला गट सगळ्यांत शेवटी सोडायचा, की लगेच, हे आधीच छापील सूचनांत लिहून ठेवलेलं बरं. ऐनवेळी कमिटी बोटीवरून ओरडून सांगितलेलं वाऱ्यात कुणाला ऐकू येत नाही.

शर्यत संपून होड्या किनाऱ्याला लागल्या की रेषेची दुसरी लढाई सुरू होते, तक्रार-मंडळाच्या खोलीत. बाद झालेला मुलगा येतो, म्हणतो मी रेषेवर नव्हतो, शेजारचा माझ्या पुढे होता, त्याला कसं काही नाही? कधी प्रशिक्षकाने मोबाइलवर काढलेलं चित्रीकरण दाखवतात. पण ते बाजूने काढलेलं असतं, आणि रेषेच्या नेमक्या सरळीत उभं राहून काढलं नसेल तर होडी पुढे आहे की मागे हे त्यात कळत नाही. एक हात इकडे-तिकडे झालं की कॅमेऱ्याचं उत्तर उलटं होतं. मग फीत लावतात. सेकंद मोजणारा आवाज ऐकू येतो, दुसरा आवाज क्रमांक बोलतो, आणि पाठीमागे शिडांची फडफड. रेषेच्या टोकाला उभं राहून सतत पाहणाऱ्याचा शब्द शर्यतीतल्या कुठल्याही होडीपेक्षा जास्त ग्राह्य धरतात, कारण त्या क्षणी रेषा खरोखर दिसत होती ती त्या दोघा-तिघांनाच. मात्र त्यांनी शेजारच्याचा क्रमांकही बोलून ठेवलेला असावा लागतो. शेजारचा सुटला आणि हा अडकला, असं फितीतूनच निघालं, तर मुलाचे गुण त्याच संध्याकाळी परत द्यावे लागतात.